आमच्या घराचा पासवर्ड त्या पोराला तोंडपाठ होता

तर झालं असं. मागच्या महिन्यात माझा फोन पाण्याच्या टाकीत पडला आणि नवा घ्यावा लागला. नव्या फोनमध्ये घरच्या कॅमेऱ्याचं अ‍ॅप काही केल्या चालेना. तीन वर्षांपूर्वी ज्यांनी कॅमेरे बसवले होते त्यांना कळवलं, त्यांनी दुकानातल्या पोराला पाठवलं. पोरगा चुणचुणीत. खुर्चीवर टेकला, माझ्या हातातून फोन घेतला, डीव्हीआरच्या डब्यावरचा क्यूआर कोड स्कॅन केला आणि पासवर्डच्या रकान्यात अंगठ्याने भराभर काहीतरी टाइप केलं. दोन मिनिटांत आमचा हॉल, व्हरांडा, फाटक सगळं फोनवर दिसायला लागलं.

तो चहा पीत होता तेव्हा माझी ट्यूब पेटली. याला मी पासवर्ड सांगितलाच नव्हता. मलाच तो आठवत नव्हता, म्हणून तर याला बोलावलं होतं.

विचारलं, "तुला कसा रे माहीत?"

"सर, आपल्या सगळ्या साइटला तोच असतो." अगदी सहज म्हणाला. लपवायचं काही आहे हे त्याच्या गावीही नव्हतं.

सगळ्या म्हणजे कुठं कुठं? तर बिचारा बोटं मोजायला लागला. दोन दवाखाने. एक पतसंस्था. क्लासवाले. मंगल कार्यालय. मुलींचं एक वसतिगृह. बाकी घरं आणि दुकानं धरून "दीडशेच्या वर असतील सर". आणि हा पोरगा तिथे कामाला लागून आठच महिने झालेत. त्याच्या आधी तीन-चार पोरं येऊन गेली. एक पुण्याला गेलाय, एकाने स्वतःचं दुकान टाकलंय, एकाला मालकाने भांडून काढलंय. पासवर्ड सगळ्यांना तोंडपाठ.

मंडळी, आमच्या हॉलमधला कॅमेरा आईसाठी आहे. वडील गेल्यापासून ती दिवसा घरात एकटी असते. बायको शाळेवर, मी गावभर. मागे एकदा ती पडली आणि तासभर कुणालाच कळलं नाही, म्हणून तो कॅमेरा लावला. तिची खाट हॉलमध्येच आहे. दुपारी ती गुडघ्यांना तेल लावून घेते, तिथेच पडते, कधी तिथेच लुगडं बदलते. तिला मी सांगितलं होतं, की हे फक्त आपल्यालाच दिसतं. तीन वर्षं मी तिच्याशी खोटं बोलत होतो, आणि मला ते माहीतही नव्हतं.

पुढचं ऐका. पोरगा गेल्यावर मी राउटरचं पान उघडलं. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकलं की येतं ते. (त्याचाही पासवर्ड डब्याच्या खालच्या स्टिकरवर होता तोच. बदलायचा असतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं.) त्यात 'पोर्ट फॉरवर्डिंग' नावाच्या रकान्यात तीन ओळी सापडल्या. ८०, ५५४ आणि ८०००. तिन्ही आमच्या डीव्हीआरकडे वळवलेले. मग फोनचं वायफाय बंद केलं, मोबाइल डेटा चालू केला आणि आमच्या जोडणीचा आयपी पत्ता ब्राउझरमध्ये टाकला. डीव्हीआरचं लॉगिनचं पान समोर हजर. म्हणजे जगातल्या कुणीही हा आकडा टाकला, तर त्याच्यापुढे आमच्या घराचं दार येतं आणि फक्त पासवर्ड विचारतं. तो पासवर्ड किती जणांना तोंडपाठ आहे ते वर सांगितलंच.

हे तांत्रिक प्रकरण मला आधी समजत नव्हतं. पुण्यात भाचा संगणकाच्या कामात आहे, त्याने फोनवर दोन तास खर्ची घातले. मला समजलं तसं सांगतो. घरातला राउटर म्हणजे वाड्याच्या दिंडी दरवाजावरचा राखणदार. आतला माणूस बाहेर गेला तर त्याला तो परत आत घेतो. बाहेरचा कुणी आपणहून आला तर हाकलून देतो. तुम्ही यूट्यूब लावता तेव्हा मागणी आतून जाते, म्हणून उत्तर आत येतं. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे या राखणदाराला सांगून ठेवणं, की बाबा रे, आठ हजार नंबरचं दार विचारत कुणीही आला तरी ओळख न विचारता थेट माजघरात सोड. 'यूपीएनपी' नावाची एक सोय बऱ्याच राउटरमध्ये आपोआप चालू असते. ती असली तर डीव्हीआर स्वतःच राखणदाराला हे सांगतो. तुम्ही नाही, कॅमेरेवाल्याने नाही. डबाच सांगतो.

यावर नेहमीचा प्रश्न येतो, आणि आमच्या कट्ट्यावरही तो आलाच. "आपल्या या तालुक्याच्या गावात कोण बघायला येतंय? आपल्याकडे आहे काय बघण्यासारखं?"

येतात. आणि ते गाव बघून येत नाहीत. इंटरनेटवरचे जुन्या पद्धतीचे पत्ते साधारण ४३० कोटी आहेत. आकडा ऐकून छाती दडपते, पण २०१३ साली अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी 'झेडमॅप' नावाचा प्रोग्रॅम काढला, तो एका साध्या संगणकावरून, चांगल्या जोडणीवर, या सगळ्या पत्त्यांचं एकेक दार पाऊण तासाच्या आत ठोठावून येतो. पाऊण तास म्हणजे आपली एसटी पुढच्या फाट्याला पोचेपर्यंत. 'शोडान' नावाचं एक शोधयंत्र २००९ पासून चालू आहे, ते उघड्या यंत्रांची यादीच करून ठेवतं. तेव्हा आपल्याला कुणी शोधायची गरज नाही. आपण आधीच यादीत आहोत. काही कॅमेरेवाले म्हणतात, पोर्टचा नंबर बदलून टाकतो, मग कुणाला सापडणार नाही. घराचा नंबर पुसला म्हणून दार बंद होत नाही हो.

आणि हे नुसतं भीतीचं बोलणं नाही. २०१६ च्या सप्टेंबरात ब्रायन क्रेब्ज नावाच्या अमेरिकन पत्रकाराची वेबसाइट बंद पाडण्यात आली. सायबर गुन्हेगारीवर लिहिणारा माणूस. त्याच्या साइटवर एकाच वेळी इतक्या यंत्रांकडून मागण्या आल्या, की सेकंदाला सहाशे गिगाबिटांच्या वर गर्दी झाली. ही यंत्रं होती लोकांच्या घरातले कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर! 'मिराई' नावाच्या प्रोग्रॅमने ती ताब्यात घेतली होती. कशी? तर साठेक ठरलेल्या नाव-पासवर्डच्या जोड्या एकामागून एक लावून बघत. अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन, रूट-१२३४५ अशा. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी त्याच प्रकारच्या हल्ल्याने 'डाइन' या कंपनीची सेवा कोलमडली आणि ट्विटर, नेटफ्लिक्स, रेडिट अमेरिकेत तासन्‌तास चाललं नाही. डिसेंबर २०१७ मध्ये मिराई लिहिणाऱ्यांचा कबुलीजबाब उघड झाला. विशी-बाविशीतली तीन पोरं! माइनक्राफ्ट या खेळाच्या सर्व्हरच्या धंद्यात एकमेकांवर कुरघोडी करण्यातून हे सुरू झालं होतं. ज्यांच्या घरचे कॅमेरे यात वापरले गेले त्यातल्या बहुतेकांना शेवटपर्यंत पत्ताही लागला नसणार. चित्र नीट दिसत होतं ना, मग झालं.

आता जवळचं सांगतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातली, तपासणीच्या खोलीतल्या बायकांची दृश्यं यूट्यूब आणि टेलिग्रामवर फिरली, विकली गेली. अहमदाबादच्या सायबर पोलिसांनी ज्यांना पकडलं त्यात आपल्या लातूर आणि सांगलीकडचे तरुण होते. पासवर्ड कारखान्यातून आलेला, अ‍ॅडमिन वन टू थ्री छापाचा होता, असं तपासाच्या बातम्यांत आलं. आम्ही इथल्या पत्रकारांनी तेव्हा काय केलं? 'लातूर कनेक्शन' असा मथळा दिला. मीही दिला. आरोपी आपल्या भागातले निघाले एवढीच आमच्या लेखी बातमी होती. आपल्या गावातल्या दवाखान्यात कॅमेरे कुणी बसवलेत, पासवर्ड कुणाकडे आहेत, हे विचारायला आमच्यापैकी एकजणही गेला नाही. लातूर आमच्यापासून दीड तासावर आहे.

म्हणून आता विचारतोय, उशिरा का होईना.

गेल्या पंधरवड्यात पाच ठिकाणी जाऊन आलो. नावं देत नाही, कारण नावं देणं म्हणजे चोराला पत्ता देणं. पाचही ठिकाणी मालकाला स्वतःचा पासवर्ड माहीत नव्हता. एका डॉक्टरसाहेबांनी "तो कॅमेरेवाला बघतो ना" असं उत्तर दिलं. तो बघतो हीच तर माझी तक्रार आहे डॉक्टर! वसतिगृहाच्या बाईंनी मात्र तिथल्या तिथे फोन लावून जिन्यातला कॅमेरा बंद करायला लावला आणि मला म्हणाल्या, "पालक मला विचारतात कॅमेरे आहेत का. ते बघतं कोण, हे आजवर एकानेही विचारलं नाही."

कॅमेरेवाल्याची बाजूही मी ऐकली, आणि ती खोटी नाही. तो म्हणतो, प्रत्येकाला वेगळा पासवर्ड देऊन बघितला. लोक विसरतात. मग रात्री दहाला फोन येतो, 'अ‍ॅप चालेना, लगेच या.' डीव्हीआर रीसेट करायला तास जातो आणि व्हिजिटचे दोनशे मागितले की गिऱ्हाईक म्हणतं, एवढ्याशा कामाचे कसले पैसे. एकच पासवर्ड ठेवला की काम फोनवर होतं. त्याचं गणित मला समजतं. आपण फुकट सेवा मागितली, त्याने त्याला परवडेल तशी दिली. पण त्याच्या सोयीसाठी दीडशे घरांना एक किल्ली लावणं हे काही मला मान्य नाही. कुलुपं विकणाऱ्याने उद्या सगळ्या गावाला एकाच चावीची कुलुपं विकली तर आपण त्याला फटके देऊ. इथे मात्र चहा पाजतो.

मग करायचं काय? कॅमेरे काढून टाका असं मी म्हणत नाहीये. आईचा कॅमेरा मला हवाच आहे, आणि बाहेरूनही दिसायला हवा आहे. पण पहिला प्रश्न तिथेच विचारावा : हे खरंच बाहेरून बघायची गरज आहे का? दुकानाच्या गल्ल्यावरचा कॅमेरा तुम्ही दुकानात बसूनच बघता. मग त्याची इंटरनेटची वायर काढून ठेवा, रेकॉर्डिंग होतच राहतं. निम्म्या लोकांचं काम इथेच संपेल.

ज्यांना बाहेरून बघायचंय त्यांनी आधी राउटरमधल्या पोर्ट फॉरवर्डिंगच्या ओळी काढायच्या, यूपीएनपी बंद करायचं. मग साधा मार्ग म्हणजे कंपनीचं अ‍ॅप, क्यूआर कोडवालं. यात डीव्हीआर आतून बाहेर कंपनीच्या सर्व्हरला जोडला जातो, दार उघडं ठेवावं लागत नाही. पण भरवसा कंपनीवर ठेवावा लागतो आणि सगळी मदार पासवर्डवर येते. तेव्हा तो लांबलचक ठेवा, आणि खात्याला ओटीपीची दुसरी कडी असेल तर ती लावा. डीव्हीआरचं सॉफ्टवेअर म्हणजे फर्मवेअर, तेही वर्षा-सहा महिन्यांनी नवं आलंय का बघावं लागतं. त्याचं कारण असं, की काही वेळा पासवर्डचीही गरज पडत नाही. २०२१ मध्ये हिकव्हिजनच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत अशी खोट सापडली होती, की पासवर्ड न देता बाहेरचा माणूस कॅमेऱ्याचा ताबा घेऊ शकत होता. कंपनीने दुरुस्ती काढली. पण भिंतीवर चढून ती आपल्या कॅमेऱ्यात कोण घालणार? दार उघडं ठेवू नका असं मी म्हणतो ते यासाठी. कुलूप कितीही चांगलं असलं तरी त्याच्यात खोट निघू शकते.

तिसरा मार्ग मला सगळ्यात पटला आणि मी तोच केला. व्हीपीएन. जाहिरातीतलं, दुसऱ्या देशातली क्रिकेट मॅच बघण्यासाठीचं व्हीपीएन नव्हे. आपल्याच घरात शिरण्याचा आपला खासगी बोळ. 'वायरगार्ड' नावाचा प्रोग्रॅम आहे, फुकट आणि खुला, २०२० पासून लिनक्सच्या गाभ्यातच आलाय. तो ज्याच्याकडे किल्ली नाही त्याला उत्तरच देत नाही. दार ठोठावणाऱ्याला तिथे दार आहे हेसुद्धा कळत नाही. त्याच्यावरच उभारलेलं 'टेलस्केल' आणखी सोपं आहे. त्याला सहसा राउटरमध्ये काही उघडावं लागत नाही, घरगुती वापराला पैसे पडत नाहीत. यातही टेलस्केलच्या कंपनीवर थोडा भरवसा ठेवावा लागतो, कोणती यंत्रं आपली हे तीच जुळवते. पण चित्र जातं ते कुलूपबंद होऊन, आपल्या यंत्रापासून आपल्या फोनपर्यंत. मी मुलीचा जुना, स्क्रीन फुटलेला लॅपटॉप राउटरशेजारी चालू ठेवला, त्यावर ते टाकलं, फोनवर टाकलं, बायकोच्या फोनवर टाकलं. भाच्याने लॅपटॉपला सांगितलं, की या दोन फोनना घरातल्या डीव्हीआरपर्यंत पोचव. एक रविवार गेला. आता मी जिल्ह्याच्या गावी बसून डीव्हीआरचा घरातलाच पत्ता टाकतो आणि आई दिसते. बाहेरच्याने आमचा आयपी टाकला तर काहीच येत नाही. मी दर दोन दिवसांनी मोबाइल डेटावरून तपासतो, सवयच लागलीय. टेलस्केलचं खातं ज्या ईमेलवर आहे त्याला मात्र दुहेरी कुलूप लावा, कारण आता तीच घराची किल्ली आहे.

जाता जाता स्टॅटिक आयपीचं. बऱ्याच मोबाइल आणि ब्रॉडबँड कंपन्या एकच बाहेरचा पत्ता शेकडो गिऱ्हाइकांत वाटतात, त्यामुळे बाहेरून आपल्या घरापर्यंत थेट पोचता येत नाही. कॅमेरेवाले यावर उपाय म्हणून महिन्याला जादा पैसे भरून स्टॅटिक आयपी घ्यायला लावतात. मलाही लावला होता. तीन वर्षं मी जादा पैसे भरून स्वतःच्या घराचं दार उघडं ठेवत होतो! परवा बंद केला.

फोटो स्टुडिओवाल्या मित्रांनाही एक सांगायचंय. लग्नांचे फोटो साठवायला तुम्ही नेटवर्कवरचे हार्डडिस्कचे डबे घेतलेत, एनएएस म्हणतात ते, आणि गिऱ्हाइकाला लिंक देता यावी म्हणून ते बाहेर उघडलेत. जानेवारी २०२२ मध्ये 'डेडबोल्ट' नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमने क्यूनॅप कंपनीचे असेच उघडे डबे शोधून आतल्या फाइल्सना कुलूप घातलं आणि प्रत्येकाकडे ०.०३ बिटकॉइन मागितले. तेव्हा कंपनीनेच गिऱ्हाइकांना सांगितलं, की पोर्ट फॉरवर्डिंग आणि यूपीएनपी बंद करा. एखाद्याच्या लग्नाचे फोटो परत काढता येत नाहीत, तेव्हा एक प्रत कुठल्याही वायरला न जोडलेल्या डिस्कवर ठेवा.

आता सरकारचं. केंद्राने एप्रिल २०२४ मध्ये सीसीटीव्हीसाठी सुरक्षेच्या अटी काढल्या आणि एप्रिल २०२५ पासून चाचणीशिवाय नवे कॅमेरे बाजारात आणायला बंदी घातली. चांगलं झालं. पण आपल्या गावात भिंतीवर लटकलेत ते कॅमेरे त्याच्या आधीचे आहेत, आणि सरकारी चाचणी झालेल्या कॅमेऱ्यालाही आमचा पोरगा तोच पासवर्ड टाकेल. कायदा आहे. कुणाच्या खासगी अवयवांची चित्रं परवानगीविना टिपली, पसरवली तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-ई कलम आहे, तीन वर्षांपर्यंत कैद. बाईच्या खासगी क्षणांवर नजर ठेवली, चित्र काढलं तर भारतीय न्याय संहितेचं ७७ वं कलम आहे. पण हे सगळं चित्र बाहेर गेल्यावरचं.

आधीचं काम गावातच होऊ शकतं. आमचं पोलीस ठाणं दर सणाआधी व्यापाऱ्यांची बैठक घेतं आणि रस्त्याकडे तोंड करून एक कॅमेरा लावा म्हणून आवाहन करतं. योग्यच आहे, दोन घरफोड्या त्यातून उघडकीला आल्यात. त्याच बैठकीत पासवर्डवर पाच मिनिटं बोलायला काय हरकत आहे? नगरपालिका चौकाचौकांत कॅमेरे बसवते, निविदा काढते. त्यात एक अट घाला, की काम संपल्यावर ठेकेदाराने सगळे पासवर्ड लेखी सोपवायचे आणि पालिकेच्या माणसाने ते त्याच्यासमोर बदलायचे. दवाखाने, वसतिगृहं, क्लास यांनीही कॅमेरेवाल्याचं बिल चुकतं करताना हेच करावं. कपडे बदलायची, तपासणीची, झोपायची जागा असेल तिथला कॅमेरा सरळ काढा. आणि कॅमेरेवाल्याला दुरुस्तीचे, व्हिजिटचे पैसे द्या राव. तो फुकटात येणार नसेल तर एकच पासवर्ड ठेवायचं त्याला कारणही उरणार नाही.

मुख्याधिकाऱ्यांना आणि पोलीस निरीक्षकांना मी दोन्ही मागण्यांचं लेखी पत्र सोमवारी दिलंय. पोच घेतली आहे. उत्तर आलं की इथेच टाकतो, नाही आलं तरी टाकतो.

आईला मी सगळं खरं सांगितलं. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी जिल्हा परिषदेच्या बैठकीतून मी फोनवर बघितलं तर हॉलचा कॅमेरा काळा. घाबरून घरी फोन केला. म्हणाली, "पंचा टाकलाय त्याच्यावर. तेल लावून झालं की काढते." आता रोज दुपारी अर्धा तास तसंच चालतं, आणि मी त्यावर काही म्हणत नाही.

येत्या रविवारी सकाळी दहा ते एक मी घरीच आहे. ज्यांना राउटरचं पान उघडता येत नाही, पोर्ट उघडे आहेत का हे तपासायचंय, त्यांनी फोन घेऊन या. जमेल तेवढं दाखवतो, अडलं तर भाच्याला फोन लावू. पासवर्ड मात्र तुमचा तुम्ही टाकायचा. मी तेवढा वेळ खिडकीतून बाहेर बघत बसेन.